फायरवॉलच्या लाल ओळी, आणि त्या दोन हिरव्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही घणसोलीत राहता. केबलवाल्याने टेरेसवरच्या स्विचमधून कॅट-६ वायर घरात आणून दिलीय आणि इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) डीएचसीपीने, म्हणजे आपोआप मिळतो. मागच्या आठवड्यात जुन्या मिनी पीसीवर ओपीएनसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर टाकून तो राउटरच्या जागी बसवलात, लाइव्ह लॉग, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची चालू नोंद, उघडलात आणि झोप उडाली. २३, ४४५, ८२९१ या पोर्टांवर (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं क्रमांकाचं दार) जगभरातून ठोके पडतायत. मोठमोठ्या कंपन्यांच्या ४४३ पोर्टावरून तुमच्या पन्नास-साठ हजारांतल्या पोर्टांवर पॅकेट येतायत, आणि तीही दुपारी साडेतीन-चारला, घरी कोणी नसताना. ५१४१३ या यूडीपी पोर्टावर शेकडो वेगवेगळ्या पत्त्यांवरून मारा चाललाय. दर दोन मिनिटांनी १० ने सुरू होणारा एक खासगी पत्ता डोकावतो. एका हल्लेखोराचं लोकेशन तर चक्क नवी मुंबई दिसतंय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) ३७७७७ आणि ८० फॉरवर्ड केलेत, त्या हिरव्या ओळी सोडून द्या. मी हॅक झालोय का, आणि कोणकोणते देश ब्लॉक करू?

लाल, म्हणजे अडवलेल्या, ओळींपैकी एकीनेही तुमचं काही बिघडलेलं नाही. ज्या हिरव्या ओळी सोडून द्यायला सांगताय, मी आज रात्री त्याच बघत बसलो असतो. तरी क्रमाने जाऊ, कारण लालमध्येही शिकण्यासारखं बरंच आहे.

२३, ४४५ आणि ८२९१ पटकन उरकतो. आयपीव्ही४चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. आकडा अफाट वाटतो, पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. त्याने एका मशीनवरून, एका गिगाबिट लाइनवर, कुठलंही एक पोर्ट या सगळ्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत तपासून होतं. आज असं तपासणारे असंख्य आहेत. शोडान हे इंटरनेटवरची उपकरणं शोधणारं सर्च इंजिन तर २००९ पासून हेच करतंय. त्यामुळे पब्लिक आयपी मिळाला की ठोके सुरू, तुम्हाला कोणी निवडलेलं नाही. २३ म्हणजे टेलनेट, २०१६च्या मिराईची (उपकरणं बळकावणारा मालवेअर) आणि तिच्या पिलावळीची आवडती जागा. ४४५ म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग, ज्यावरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. ८२९१ हे मायक्रोटिकचे राउटर चालवायच्या विनबॉक्स प्रोग्रॅमचं. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत वॉचमनने परत पाठवलेल्या सेल्समनांची नावं असतात, तसा हा लॉग आहे. परत गेले, विषय संपला.

जाता जाता एक गंमत. २३ वरचं एखादं पॅकेट वायरशार्कमध्ये (पॅकेट उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून टीसीपीचा मूळ सिक्वेन्स नंबर बघा. मूळ मिराईचा कोड त्या जागी लक्ष्याचा आयपीच लिहितो. चार बाइट्स सुटे करून वाचलेत आणि तिथे तुमचाच पत्ता निघाला, तर कोण आलं होतं ते नक्की समजा.

नवी मुंबईच्या पत्त्याने घाबरून जाऊ नका. महापे, रबाळे, ऐरोली हा सगळा पट्टा डेटा सेंटरांचा आहे. जगात कुठेही बसलेला माणूस इथला सर्व्हर तासाच्या भाड्याने घेऊन स्कॅन चालवू शकतो, आणि जिओआयपीच्या, म्हणजे पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या, तक्त्यात तो 'नवी मुंबई' म्हणूनच उमटतो. शेजारच्या विंगमधल्या कॉम्प्युटर इंजिनीअरवर संशय घेऊ नका, तो बिचारा वर्क फ्रॉम होममध्ये पिचलेला असेल. खरा शेजारी कसा ओळखायचा ते पुढे सांगतो.

देश ब्लॉक करण्याबद्दल एका वाक्यात: वॅनवर, म्हणजे बाहेरच्या बाजूने, येणारं सगळं (फॉरवर्ड केलेलं सोडून) मुळातच नाकारलं जातंय, तिथे रशिया-चीनची यादी लावून मिनी पीसीची मेमरी खाण्यापलीकडे काही होत नाही.

आता ४४३. यावर थोडा वेळ घालवण्यासारखा आहे, कारण नवशिके सगळ्यात जास्त इथेच फसतात. ओळ नीट वाचा. ४४३ हे समोरच्याचं पोर्ट आहे, तुमचं नाही. तुमच्याकडे वेब सर्व्हर शोधणाऱ्याने तुमच्या ४४३ वर ठोकलं असतं. इथे उलटं आहे: त्यांच्या ४४३ वरून तुमच्या ५८,००० वगैरे पोर्टावर. म्हणजे हे उत्तर आहे, आणि प्रश्न तुमच्याच घरातून गेला होता. मग फायरवॉलने ते अडवलं का? फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद स्टेट टेबलमध्ये ठेवतो आणि जोडणी संपली की थोड्या वेळाने ती पुसतो. ओपीएनसेन्सच्या पोटात जो पीएफ (पॅकेट गाळणारा भाग) आहे, त्याच्या मूळ मुदती अशा: दोन्ही बाजूंनी फिन (जोडणी संपवण्याचा निरोप) झालं की ४५ सेकंद, यूडीपीच्या दुतर्फा संवादाला ६० सेकंद. मोबाइल वायफाय सोडून डेटावर गेला, स्क्रीन बंद झाली, ब्राउझरने टॅब मारला, की समोरचा सर्व्हर बराच वेळ 'आहात का?' विचारत राहतो. तोवर नोंद गेलेली असते, आणि ते उशिरा आलेलं पॅकेट लाल होतं. ओपीएनसेन्सचं त्या नियमाचं लेबलच बघा, 'डिफॉल्ट डिनाय / स्टेट व्हायोलेशन रूल'. परका आणि उशिरा आलेला आपला, दोघं एकाच शिक्क्याखाली.

वेगळे कसे काढायचे? टीसीपीचे फ्लॅग, म्हणजे पॅकेटवरच्या खुणा, बघा. नुसतं सिन असेल तर कोणीतरी नव्याने दार ठोठावतंय. अ‍ॅक, फिन-अ‍ॅक किंवा रीसेट असेल तर जुन्या संवादाची शेपटी. सिन-अ‍ॅक असेल आणि घरातून त्या पत्त्याला कोणीच काही पाठवलं नसेल, तर गोष्ट आणखी मजेशीर: जगात कुठेतरी कोणीतरी खोट्या पत्त्यांनी एका सर्व्हरवर मारा करतंय, त्या खोट्या पत्त्यांत तुमचाही आलाय, आणि तो बिचारा सर्व्हर तुम्हाला उत्तर देतोय. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. तुम्ही दिलेल्या ओळींत तसं एकही दिसलं नाही, सगळ्या अ‍ॅक आणि रीसेटच्या आहेत.

राहिलं दुपारचं साडेतीन. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये टाइमझोन बघा. ओपीएनसेन्स टाकताना तो बदलला नाही तर यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) राहतो. त्यात साडेपाच तास मिळवा: रात्रीचे नऊ, साडेनऊ. घरी कोणी नसतानाची वेळ नाही ही, जेवणं उरकून सगळे मोबाइल घेऊन सोफ्यावर बसायची वेळ आहे. आशिया/कोलकाता करून टाका, नाहीतर पुढचा प्रत्येक तपास असाच भलत्या वेळी शोधत बसाल.

१० ने सुरू होणारी ओळ. तिचं गंतव्य २२४.०.०.१ आहे आणि प्रोटोकॉल आयजीएमपी. हा मल्टिकास्टचा पत्ता, 'या तारेवरच्या सगळ्यांनो' असा. केबलवाल्याचा एखादा स्विच किंवा राउटर विचारतोय की कोणाला मल्टिकास्ट हवंय का. आयजीएमपीमध्ये असं विचारण्याचं ठरलेलं अंतर १२५ सेकंद, म्हणजे तुमचे 'दर दोन मिनिटांनी'. वॅनवर खासगी पत्ते अडवण्याचा नियम ओपीएनसेन्स स्वतःहून लावतो, म्हणून ती लाल. लॉगमध्ये नको असेल तर सेटिंगमधून त्या खासगी पत्त्यांच्या नियमाचं लॉगिंग बंद करा. ज्यांच्या फायरवॉलच्या पुढे प्रोव्हायडरचा राउटर अजून चालू आहे, त्यांच्याकडे मात्र वॅनवर १९२.१६८ चे पत्ते दिसणं अगदी साहजिक आहे, त्यांनी तो खासगी पत्त्यांचा नियम काढलेलाच बरा.

५१४१३ चं कोडं मला आवडलं. हे ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्रॅमचं मूळचं पोर्ट. आधी घरातच खात्री करून घ्या: स्टेट टेबलमध्ये ५१४१३ शोधा, मुलाच्या लॅपटॉपवर किंवा एखाद्या नासवर (घरच्या नेटवर्कवरची साठवणीची पेटी) ट्रान्समिशन चालू नाही ना. नसेल, तर पुढची साखळी बघा. राउटर काढून मिनी पीसी लावलात, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बदलला, डीएचसीपी सर्व्हरने तुम्हाला नवं गिऱ्हाईक समजून दुसरा आयपी दिला. तो आयपी आधी ज्याच्याकडे होता तो टॉरेंट चालवत असणार. जगभरातल्या टॉरेंटवाल्यांच्या याद्यांत 'या पत्त्यावर ५१४१३ वर अमुक आहे' अशी नोंद राहिली, आणि ते त्याला अजून शोधतायत. थोडी पॅकेट पकडून वायरशार्कमध्ये उघडा, तो त्यांना बीटी-डीएचटी, म्हणजे टॉरेंटचाच संवाद, म्हणून ओळखेल. काही करायची गरज नाही, दिवसागणिक ओसरत जाईल. फारच त्रास वाटला तर पत्ता बदलून घ्या, पण मग आणखी कोणाचा तरी वारसा गळ्यात पडेल.

आता खऱ्या शेजाऱ्याबद्दल. ठाणे-नवी मुंबईत टेरेसवरून टेरेसवर वायरी टाकणारे बरेच केबलवाले एका भागातल्या सगळ्या इमारती एकाच सपाट नेटवर्कात ठेवतात, आणि पोर्ट आयसोलेशन (गिऱ्हाइकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं) लावायचा कंटाळा करतात. अशा ठिकाणी शेजारचा बिघडलेला विंडोज पीसी थेट तुमच्या वॅनवर १३७, १३८ चे ब्रॉडकास्ट टाकू शकतो. इंटरफेसेस, डायग्नॉस्टिक्स, पॅकेट कॅप्चर इथे जाऊन वॅनवर पाचेक मिनिटं पकडा आणि दोन गोष्टी तपासा. पहिली, स्रोताचा मॅक. बाहेरून आलेलं प्रत्येक पॅकेट तुमच्या गेटवेच्याच मॅकवरून येतं. मॅक वेगळा असेल तर ते याच तारेवरून आलंय, आयपी काहीही म्हणो. मॅकच्या पहिल्या तीन बाइट्सवरून बनवणारी कंपनीही कळते. दुसरी, टीटीएल. लिनक्स आणि अँड्रॉइड ६४ ने सुरुवात करतात, विंडोज १२८ ने, नेटवर्कची उपकरणं बहुधा २५५ ने, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो. परदेशातून आलेलं पॅकेट ४७, ११२ असल्या अर्धवट आकड्यांवर येतं. पूर्ण ६४ किंवा १२८ दिसलं तर मध्ये एकही राउटर नाही. असं सापडलं तर मात्र केबलवाल्याला जरूर कळवा. मॅक पत्ता आणि वेळ द्या, नुसतं 'व्हायरस येतोय' म्हणालात तर तो 'राउटर बंद-चालू करा' एवढंच सांगेल.

आता हिरव्या ओळी. लाल म्हणजे अडवलं. हिरवं म्हणजे फायरवॉलने हात वर केले आणि पॅकेट आत, थेट डीव्हीआरपर्यंत पोचवलं. त्या दोन पोर्टांपुरता तुमच्याकडे फायरवॉल नाहीच. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे डीव्हीआरच्या आतलं लॉगिन, आणि तो बसवून गेलेल्या माणसाने ठेवलेला पासवर्ड. ३७७७७ हे एका अतिशय खपणाऱ्या घराण्यातल्या डीव्हीआरचं ठरलेलं पोर्ट आहे, स्कॅन करणाऱ्यांच्या यादीत ते असतंच. पासवर्ड न देताच आत शिरता येईल अशा त्रुटी जगातल्या मोठ्या खपाच्या कॅमेऱ्यांत २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जाहीर झाल्या होत्या. दुरुस्त फर्मवेअर आलं, पण बसवल्यापासून डीव्हीआरचं फर्मवेअर बदललेलं घर मी क्वचितच बघितलंय. पासवर्ड कितीही कठीण ठेवा, अशा त्रुटीपुढे तो चालत नाही.

डीव्हीआर रीबूट करू नका, निदान अजून नाही. मिराईच्या जातीचा बॉट मेमरीत राहतो, वीज गेली की पुसला जातो, आणि पोर्ट उघडंच असेल तर पुन्हा चढतो. आधी बघून घ्या, मग पुसा.

लाइव्ह लॉगला गाळणी लावा: अ‍ॅक्शन पास, इंटरफेस वॅन, दिशा आत. जे स्रोत उरतील त्यांत तुमच्या आणि घरच्यांच्या मोबाइल कंपन्यांचे पत्ते तुमचे. बाकी एकही तुमचा नाही. मग रिपोर्टिंगमधलं इनसाइट उघडा. नेटफ्लो (कोणी कुणाला किती डेटा पाठवला त्याची नोंद) आधीपासून चालू केलेलं असेल तरच तिथे मागचं दिसेल, नसेल तर आत्ता चालू करा. त्या परक्या पत्त्यांना डीव्हीआरने किती डेटा पाठवला ते बघा. काहीशे बाइट्स किंवा दोन-चार केबी असतील तर येऊन कुलूप हलवून गेला. मेगाबाइट्समध्ये असेल तर कोणीतरी चित्र बघितलंय किंवा रेकॉर्डिंग उतरवलंय, आणि कॅमेरा हॉलमध्ये असेल तर ही गोष्ट घरच्यांपासून लपवू नका.

त्याहून महत्त्वाचं, डीव्हीआर स्वतःहून बाहेर कुठे जातोय ते. स्टेट टेबलमध्ये त्याचा लॅनवरचा, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा, पत्ता टाका. घड्याळ लावायला १२३ वर, कंपनीच्या क्लाउडकडे एक-दोन जोडण्या, इतपत ठीक. पण तो बाहेरच्या शेकडो पत्त्यांच्या २३ किंवा २३२३ वर ठोठावत असेल, तर तुमचा डीव्हीआर आता दुसऱ्या कोणाच्या तरी लॉगमधली लाल ओळ झालाय. सगळे लोक येणाऱ्या ट्रॅफिककडे डोळे लावून बसतात. घरात काही शिरलंय की नाही ते जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये दिसतं.

शेवटी डीव्हीआरच्या मेनूत शिरून युजरची यादी तपासा. तुम्ही न बनवलेलं नाव असेल तर फोटो काढून ठेवा.

हे झालं की दोन्ही फॉरवर्ड बंद करा. नियम नुसता काढून भागत नाही, आधीच उघडी असलेली जोडणी स्टेट टेबलमध्ये जिवंत राहते, म्हणून डीव्हीआरच्या पत्त्याच्या स्टेट्स हाताने मारा. यूपीएनपीचं प्लगइन टाकलं असेल तर तेही काढा, नाहीतर डीव्हीआर तेच पोर्ट स्वतः उघडून घेईल. मग फॅक्टरी रीसेट, बनवणाऱ्याच्याच साइटवरून नवं फर्मवेअर, नवा पासवर्ड. मिनी पीसीला मोकळं पोर्ट असेल तर डीव्हीआर तिथे वेगळ्या नेटवर्कवर टाका. तिथून लॅनकडे काहीही नाही आणि बाहेर फक्त वेळेसाठी जाऊ द्या. लॅनवरून डीव्हीआर बघता येतो, उलटं नाही.

'मग गावावरून कॅमेरा बघायचा कसा?' वायरगार्ड, म्हणजे घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). ओपीएनसेन्समध्ये ते आहेच, मोबाइलवर फुकट अ‍ॅप मिळतं. एकच यूडीपी पोर्ट, रिवाजाने ५१८२०. त्याची खुबी अशी की योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला तो काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. मोबाइलवर वायरगार्ड चालू केलं की तुम्ही जणू घरच्या लॅनवरच. पत्ता बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव) लावून घ्या. क्यूआर कोड स्कॅन करून चालणारी कंपनीची पीटूपी सेवा हा सोपा पर्याय आहे, उघड्या पोर्टापेक्षा बराही. पण मग तुमच्या हॉलची किल्ली त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते. दुकानाच्या कॅमेऱ्याला मी चालवून घेईन, घरातल्या नाही. कोणत्याही कारणाने पोर्ट उघडंच ठेवावं लागणार असेल, तर देशांची गाळणी तिथे, त्या एका नियमाच्या स्रोतात लावा. भारत सोडून बाकी सगळे बाहेर. तिथे तिचा खरंच उपयोग आहे.

बंद झालंय की नाही हे घरातून तपासू नका, आतून दिसणारं चित्र फसवं असतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तुमचा पब्लिक आयपी १ ते ६५५३५ सगळ्या टीसीपी पोर्टांवर तपासा. वेळ लागेल, लागू द्या. एकही 'ओपन' दिसायला नको.

केबलवाला आयपीव्ही६ देत असेल तर तीच तपासणी त्यावरही करा. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो, नॅटचा (एकाच पत्त्यामागे सगळं घर ठेवण्याचा) आडपडदा नसतो, फक्त फायरवॉलचा नियम मध्ये उभा असतो. ज्यांचा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान आहे ते सीजी-नॅटच्या, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांच्या एकाच सामायिक पत्त्याच्या, मागे आहेत, त्यांना आयपीव्ही४ वरून हे ठोके दिसणारच नाहीत. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, आयपीव्ही६चा रस्ता वेगळा आहे. आणि आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद करू नका. पॅकेट मोठं झाल्याचा निरोप त्यावरूनच येतो, तो अडला की काही साइट्स अर्ध्या उघडतात आणि कारण सापडता सापडत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर लाल ओळींसाठी कोणालाही लिहू नका, कोणी वाचणार नाही. डीव्हीआरमध्ये परका युजर किंवा मेगाबाइट्सचं जाणं सापडलं, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे हे सांगत बसू नका. घरातल्या पीसीवर शंका असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत, २०१७ पासून चालू आहेत.

आठवडाभर सगळं शांत दिसलं की डिफॉल्ट ब्लॉकचं लॉगिंग बंद करून टाका. वॅनवरून आत सोडलेल्या आणि डीव्हीआरच्या नेटवर्कवरून बाहेर जाताना अडवलेल्या, एवढ्या दोनच प्रकारच्या ओळी ठेवा. त्या दिवसाला चार-दोन येतील आणि प्रत्येक वाचून होईल.

पुढे विचारायचं असेल तर डीव्हीआरच्या स्टेट टेबलची यादी, इनसाइटमधले त्याचे आकडे आणि फर्मवेअरची तारीख द्या. स्वतःच्या पब्लिक आयपीचे शेवटचे दोन आकडे झाकून टाका, या वेळी तुम्ही पूर्ण पत्ताच चिकटवलाय. फॉरवर्ड बंद होईपर्यंत तो इथून काढा.